ओळखीतून काम मागायचं, पण कसं?



मागच्या व्हिडिओत आपण पाहिलं की नोकरी सोडण्याआधी घरखर्चाचे किती महिने हाताशी असावेत. त्यावर तुमचे बरेच मेसेज आले. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न पैशाचा नव्हता. प्रश्न होता, "सर, पहिलं काम कोण देणार?" आणि त्याच्या मागोमाग, जरा अडखळत विचारलेला दुसरा प्रश्न, "जुन्या कंपनीतल्या लोकांना विचारलं तर बरं दिसतं का?"

बरं दिसतं. अगदी निःसंकोच विचारा. पण कोणाला विचारायचं, काय विचारायचं आणि त्यांनी हात दिल्यावर आपण कसं वागायचं, यावर सगळा खेळ आहे. आज त्यावरच बोलू.

आधी ती लाज बाजूला काढू. आपल्याकडे 'ओळख' म्हटलं की लगेच 'वशिला' आठवतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काम येत नसताना कोणाच्या तरी चिठ्ठीवर आत घुसणं हा वशिला. तुम्हाला काम येतं हे समोरच्याने आधीच डोळ्यांनी पाहिलंय आणि तो ते तिसऱ्याला सांगतो, ही ओळख. लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. सुरुवातीला शेतकरी त्या नांगराला हात लावायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन बिघडते असा समज होता. त्यात बेळगावची जागा सोडायची वेळ आली. अशा वेळी त्यांच्या मागे उभे राहिले औंधचे राजेसाहेब, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. लक्ष्मणरावांचं काम त्यांना माहीत होतं. कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ मिळाला, दहा हजारांचं कर्ज मिळालं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. आजवर कोणी त्यांना 'वशिल्याचा उद्योजक' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून बघा. समजा तुम्ही भोसरीत किंवा सातपूरला एक छोटं मशीन शॉप टाकलंय. दोन लेथ, एक मिलिंग, जमलं तर सेकंडहँड व्हीएमसी. तुम्ही एखाद्या मध्यम कंपनीच्या परचेस खात्यात कोटेशन घेऊन जाता. तिथल्या साहेबांच्या टेबलावर तुमच्यासारखी आणखी पाच कोटेशन पडलेली असतात. दरात फरक किती, तर नगामागे रुपया-दोन रुपये. साहेबांना त्या रुपयाचं फारसं पडलेलं नसतं. त्यांना भीती वेगळीच असते. माल वेळेत आला नाही आणि लाइन थांबली तर सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांना उभं करतात. शंभर नगांत आठ रिजेक्ट झाले तर क्वालिटीवाले त्यांच्याच नावाने शंख करतात. नवा व्हेंडर घेणं म्हणजे त्यांच्यासाठी डोक्याला ताप. फॉर्म भरून घ्या, जीएसटी आणि बँकेची कागदं तपासा, शॉपला भेट द्या, सँपल मागवा, ट्रायल लॉट चालवा, मग कुठे व्हेंडर कोड मिळणार. एवढं सगळं करून तो माणूस तिसऱ्या महिन्यात फोन उचलायचा बंद झाला तर?

म्हणून ते जुन्याच व्हेंडरला काम देत राहतात, दोन रुपये जास्त देऊनसुद्धा. यात दरवेळी काळंबेरं असतंच असं नाही. बऱ्याचदा ती साधी भीती असते.

आणि नेमकी इथे ओळख कामाला येते. त्याच कंपनीच्या क्वालिटीतला एखादा माणूस म्हणाला, "साहेब, या पोराबरोबर मी चार वर्षं काम केलंय, मायक्रोमीटर हातात धरला की खोटं रीडिंग लिहीत नाही," तर साहेबांची अर्धी भीती जाते. ऑर्डर लगेच मिळेल असं नाही, पण ट्रायल लॉट मिळतो. ओळखीने मिळतो तो ट्रायल लॉट. पुढचं सगळं तुमच्या मशीनवर.

बरं, मग कोणाला विचारायचं? बहुतेकजण दोन ठिकाणी जातात, नातेवाईक आणि जिगरी दोस्त. ते मनापासून मदत करतात, पण त्यांच्याकडे नवं काही नसतं. तुम्ही ज्या चहाच्या टपरीवर उभे राहता तिथेच तेही उभे असतात. तुम्हाला जे माहीत, तेच त्यांना माहीत.

यावर अमेरिकेत एका समाजशास्त्रज्ञाने फार पूर्वी काम केलंय. मार्क ग्रॅनोव्हेटर त्याचं नाव. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात त्याने अशा लोकांना विचारलं ज्यांनी नुकतीच नोकरी बदलली होती. ओळखीतून ज्यांना नोकरी लागली त्यांना त्याने पुढचा प्रश्न केला, ज्याने खबर दिली त्याला तुम्ही तेव्हा कितीदा भेटत होता? नेहमी भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. ही माणसं मोजकीच होती, चोपन्न. पण १९७३ साली छापलेला तो लेख आजही जगभर शिकवला जातो. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास 'सायन्स' मासिकात आला. त्यातही निष्कर्ष त्याच वळणाचा, पण थोडा बारकाव्याने. अगदी घट्ट ओळख कमी उपयोगी, अगदीच विरळ ओळखही कमी उपयोगी. मधली, म्हणजे 'नाव ऐकलं की चेहरा आठवतो' इतपत ओळख सगळ्यात कामाची.

हे दोन्ही अभ्यास नोकरीबद्दल आहेत, धंद्याबद्दल नाहीत, हे ध्यानात ठेवा. पण माझ्या बॅचमधल्या लोकांचं पहिलं काम कुठून आलं हे मी दरवेळी विचारतो, आणि उत्तरं अशीच असतात. "सर, आमच्या कंपनीत कॅलिब्रेशनला एक जण यायचे, त्यांनी सांगितलं." "आमच्या जुन्या स्टोअरवाल्या मॅडम दुसऱ्या कंपनीत गेल्या होत्या."

तेव्हा आज रात्री एक वही घ्या आणि नावं लिहायला बसा. फोनमधले कॉन्टॅक्ट 'अ' पासून खाली वाचत जा, तासभर लागेल. साहेबलोकांची नावं तुम्ही लिहालच. मी सांगतो ती माणसं सहसा वहीत येत नाहीत.

कटिंग टूल विकणारा प्रतिनिधी. हा माणूस दिवसाला दहा-पंधरा शॉपच्या पायऱ्या चढतो. कोणाचं मशीन रिकामं आहे, कोणाकडे काम उतू जातंय, कोणाचा व्हेंडर पळाला, हे त्याला मालकाच्याही आधी कळतं. एमआयडीसीत त्याच्याइतकी ताजी खबर कोणाकडे नसते. तुमच्याकडून त्याला इन्सर्टची छोटी का होईना ऑर्डर मिळणार असते, म्हणजे तुमचं शॉप चालावं यात त्याचाही फायदा आहे. मग टेम्पोवाला. माल कुठून कुठे जातो ते त्याला पाठ असतं. हीट ट्रीटमेंटवाला आणि प्लेटिंगवाला, कारण सगळ्या शॉपचे जॉब शेवटी त्याच्याच दारात येऊन पडतात. मशीन दुरुस्त करणारा सर्व्हिस इंजिनिअर. तुमचा सीए, ज्याच्याकडे आणखी पन्नास धंदेवाले येतात. आणि तुमच्या आधी नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेलेले सगळे सहकारी. यांच्याकडे खास लक्ष द्या. ते तुमचं काम ओळखतात आणि आता वेगळ्या ठिकाणी बसलेत, म्हणजे वर सांगितलेली 'मधली ओळख' अगदी तीच.

घरगुती खाद्यपदार्थांचं करणाऱ्या ताईंनी असं समजू नये की हे फक्त मशीनवाल्यांसाठी आहे. तुमची यादी वेगळी. गिरणीवाले काका, ज्यांना चाळीतल्या आणि सोसायटीतल्या प्रत्येक घरी कधी भाजणी दळली जाते ते माहीत असतं. किराणा घाऊक दुकानदार. मंगल कार्यालयाचे मॅनेजर, मंडप-डेकोरेशनवाले, केटरर. केटररला तुम्ही स्पर्धक समजता, पण लग्नसराईत त्याला पुरणपोळ्या आणि मोदक बाहेरून करून घ्यावेच लागतात. पूर्वी शाळेत किंवा ऑफिसात नोकरी केली असेल तर तिथल्या ॲडमिनच्या मॅडम, कारण दिवाळीला स्टाफला फराळाचे डबे द्यायचे की मिठाई, हे त्याच ठरवतात. फक्त त्यांच्याकडे जाण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी हातात ठेवा. ओळख कितीही असो, ऑफिसला बिल लागतं आणि त्यावर तो नंबर लागतो.

यादी झाली. आता मागायचं कसं. इथे बहुतेकांची गाडी घसरते, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घालवतो.

मला पाठवलेला एक मेसेज बघा, नाव काढून देतोय: "नमस्कार सर, कसे आहात? मी नवीन बिझनेस चालू केला आहे. तुमचे आशीर्वाद असू द्या. काही काम असेल तर नक्की सांगा."

हा मेसेज वाचून समोरचा काय करेल? अंगठा दाखवेल, 'ऑल द बेस्ट' लिहील आणि विसरून जाईल. त्यात त्याचा दोष नाही. तुम्ही काय करता हेच त्याला कळलेलं नाही. 'काही काम' म्हणजे काय काम? त्याने कोणापाशी तुमचा विषय काढायचा म्हटलं तर काय सांगणार?

आता हाच मेसेज असा लिहा:

"नमस्कार देशमुख साहेब. मी संतोष, २०१९ ते २०२३ आपल्या टूलरूममध्ये होतो. आता चिखलीत स्वतःचं शॉप सुरू केलंय. ३०० मिमीपर्यंतचे शाफ्ट आणि बुश करतो, पाच नगांपासून पाचशेपर्यंत. जिग-फिक्श्चरचे छोटे पार्टही करतो. तुमच्या सध्याच्या कंपनीत मेंटेनन्सचे सुटे पार्ट बाहेरून करून घेत असतील, तर ते काम कोण बघतं तेवढं सांगाल का? मी स्वतः त्यांना भेटतो. तुमचं नाव सांगितलं तर चालेल का, तेही कळवा."

नावं अर्थातच बनवलेली आहेत. पण फरक बघा. पहिली ओळ आठवण करून देते, त्याला 'कोण हा संतोष' असं कपाळ खाजवावं लागत नाही. काय करता हे मापासकट सांगितलंय. काम मागितलेलं नाही, एका माणसाचं नाव मागितलंय, आणि नाव सांगणं कोणालाही जड जात नाही. आणि शेवटची ओळ, 'तुमचं नाव सांगितलं तर चालेल का', ही तर कधीच गाळू नका. परवानगीशिवाय कोणाचं नाव वापरलंत आणि ते त्याच्या कानावर गेलं, की ते दार कायमचं बंद.

मेंटेनन्सचे पार्ट का मागितले? कारण तिथे अडचण असते. प्रॉडक्शनच्या पार्टचे व्हेंडर ठरलेले असतात, त्यांचे ऑडिट, त्यांचे कागद, ते तटबंदीसारखं असतं. पण रात्री मशीनचा शाफ्ट तुटला तर सकाळपर्यंत एक नग करून देणारा कोणी मिळत नाही. मोठ्या शॉपला एका नगासाठी सेटिंग करायला परवडत नाही. तुम्हाला परवडतं. नव्या माणसाने आत शिरायची खिडकी हीच. तुमच्या धंद्यातही अशी खिडकी असते, ती शोधा. केटररच्या बाबतीत 'ऐन वेळी वाढलेले पन्नास पाहुणे' ही ती खिडकी आहे.

मेसेज पाठवला की दोन-तीन दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर एक फोन. सकाळी साडेनऊला नको, तेव्हा मीटिंगा असतात. महिनाअखेरीलाही नको, तेव्हा डिस्पॅचची मारामार असते. फोनवरही उत्तर नाही मिळालं तर महिनाभर सोडून द्या. माणूस गडबडीत असतो, त्याला तुमचा राग वगैरे काही नसतो. आणि कृपा करून रोज सकाळी फुलांचे 'शुभ सकाळ' पाठवू नका. त्याने ओळख टिकते असं पुष्कळांना वाटतं. माझ्या मते त्याने लोक तुम्हाला म्यूट करायला शिकतात, आणि मग तुमचा कामाचा मेसेजही त्याच फुलांत बुडतो.

आता खरा नाजूक भाग. कोणीतरी तुमच्यासाठी शब्द टाकला. त्या क्षणी त्याने काय केलं हे समजून घ्या. त्याने पंधरा-वीस वर्षं नोकरी करून कमावलेली पत तुम्हाला उसनी दिली. तुम्ही चुकलात तर तुमचं एक गिऱ्हाईक जाईल. त्याला मात्र उद्या त्याच ऑफिसात, त्याच माणसांसमोर जाऊन बसायचंय.

नाशिकच्या एका फॅब्रिकेटरची गोष्ट सांगतो. माणूस हाताचा पक्का, वेल्डिंग बघत राहावं असं. त्याला त्याच्या जुन्या फोरमनने एका कंपनीत ट्रॉल्यांचं काम मिळवून दिलं. चाळीस ट्रॉल्या, पंधरा दिवस. बाराव्या दिवशी पावडर कोटिंगवाल्याची भट्टी बंद पडली. यात फॅब्रिकेटरची काही चूक नव्हती. पण त्याने काय केलं, तर फोन उचलायचा बंद केला. त्याला वाटलं, दोन दिवसांत होईल, मग एकदम माल घेऊनच तोंड दाखवू. झाले सहा दिवस. त्या सहा दिवसांत कंपनीने फोरमनला अकरा वेळा विचारलं, आणि बिचारा फोरमन प्रत्येक वेळी 'बघतो' म्हणत राहिला. ट्रॉल्या शेवटी गेल्या, पैसेही मिळाले, मालाला नावं ठेवायला जागा नव्हती. पण फोरमनने पुन्हा त्याचं नाव कुठे घेतलं नाही. दोघांची घरं एकाच गल्लीत, आजही रामराम होतो, पण कामाचा विषय निघत नाही.

माल उशिरा होणं धंद्यात चालतं, सगळ्यांचाच होतो. पण भट्टी बंद पडल्याच्या दिवशीच दोन फोन जायला हवे होते. एक कंपनीला आणि एक फोरमनला. फोरमनला आधी. म्हणजे कंपनीने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात उत्तर तयार असतं, "हो, मला सांगितलंय त्याने, कोटिंगला अडकलंय, शुक्रवारी येतंय." त्याची पत राहते आणि तुमचीही राहते.

काम सुरळीत झालं तरी त्याला कळवायचं. कोटेशन दिलं, कळवा. ऑर्डर मिळाली, कळवा. नाही मिळाली तरी कळवा. आपल्याकडे लोक काम झालं की गायब होतात, मग 'गरज सरो, वैद्य मरो' असं ऐकून घ्यावं लागतं.

इथे हमखास येणारा प्रश्न: "सर, त्यांना काही द्यायचं का?" म्हणजे टक्केवारी. सरळ सांगतो. जो माणूस एखाद्या कंपनीत पगारावर आहे आणि त्याच कंपनीचं काम तुम्हाला देतोय किंवा द्यायला लावतोय, त्याला पैसे देणं ही लाच आहे, त्याला दुसरं नाव देऊ नका. पकडला गेला तर त्याची नोकरी जाईल आणि तुमचा व्हेंडर कोड ब्लॉक होईल. शिवाय एकदा ती टक्केवारी दरात घातली की तुमचा दर कायमचा फुगतो, आणि साहेब बदलले की नवे साहेब पहिला प्रश्न तोच विचारतात, हा दर इतका का? दिवाळीला घरचा फराळ नेऊन द्या, तेवढं पुरे. कंपनीचे नियम तेही घेऊ देत नसतील तर आग्रह करू नका. जो स्वतंत्र धंदेवाला आहे, म्हणजे टूलवाला किंवा डेकोरेशनवाला, त्याच्याशी मात्र उघड ठरवून कमिशन देता येतं. ते बिलावर घ्या, टीडीएस वगैरेचं सीएला विचारा.

जुन्या कंपनीबद्दलही बोलायला हवं. नोकरी सोडताना 'दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही' अशा कागदावर सही घेतलेली असते, आणि पोरं घाबरतात. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ असं सांगतं की कोणाला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार साधारणपणे रद्दबातल असतो. नोकरी सोडल्यानंतर तुम्ही त्याच क्षेत्रात धंदा करू शकता. पण याचा अर्थ ड्रॉइंग, गिऱ्हाइकांची यादी, दरपत्रक पेनड्राइव्हवर घेऊन निघायचं असा नाही. गोपनीय माहितीची जबाबदारी नोकरीबरोबर संपत नाही. डोक्यात असलेलं कसब तुमचं, कॉम्प्युटरमधली फाइल कंपनीची. शंका असेल तर सही केलेला कागद वकिलाला दाखवा. आणि पगार घेत असताना कंपनीच्याच गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन 'पुढच्या महिन्यापासून मी स्वतः करतोय' असं सांगणं, हे कायद्याच्या आधी माणुसकीतच बसत नाही. एमआयडीसी गावाएवढी असते. बातमी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पोचते.

ओळखीच्या कामात आणखी एक दुखणं असतं, दर आणि उधारी. "आपलाच आहेस, बघ जरा," असं कोणी म्हटलं की आपण दर पाडतो. पहिल्या लॉटला सवलत द्यायची तर द्या, पण कोटेशनवर मूळ दर लिहा, खाली सवलत वेगळी लिहा आणि 'फक्त पहिल्या ऑर्डरसाठी' असं लिहा. नाहीतर तो पडलेला दरच तुमचा दर होतो, मग दोन वर्षं तो वर चढत नाही. आणि तोंडी काम नको. साहेब कितीही घरच्यासारखे असोत, पीओ आल्याशिवाय माल कापू नका. चुकून पीओ आधी काम सुरू करावंच लागलं, तर व्हॉट्सॲपवर 'आपण सांगितल्याप्रमाणे ४० नग, दर अमुक, पेमेंट इतक्या दिवसांत' एवढं लिहून त्यांचं 'ओके' घ्या.

पैशाचं म्हणाल तर उद्यमची नोंदणी पहिल्याच आठवड्यात करून टाका. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. हे उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांसाठी आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण हा फायदा मिळत नाही. आता ओळखीच्या साहेबांविरुद्ध कोण परिषदेकडे जाणार, असं तुम्ही म्हणाल. जावं लागतच नाही बहुतेक वेळा. बिलावर उद्यम नंबर छापा, खाली एका ओळीत मुदत छापा. अकाउंट्सवाले ते वाचतात. भांडण न करता आठवण करून देण्याचा तो सभ्य मार्ग आहे.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे आणि तो काम चांगलं चाललेलं असताना दिसत नाही. एकच ओळख, एकच कंपनी, ऐंशी टक्के धंदा तिथूनच. मग एक दिवस साहेबांची बदली होते पंतनगरला किंवा होसूरला. नवे साहेब येतात, त्यांचे स्वतःचे व्हेंडर त्यांच्याबरोबर येतात. मशीनचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेलाच जातो, त्याला बदलीची ऑर्डर लागू होत नाही. म्हणून काम मिळाल्यावर त्या कंपनीत आणखी दोन माणसं तुम्हाला नावाने ओळखतील असं बघा. माल स्वतः घेऊन जा, चलनावर सही घेताना स्टोअरवाल्यांशी दोन शब्द बोला. रिजेक्शन आलं तर फोनवर वाद घालू नका, क्वालिटीच्या टेबलावर जाऊन पार्ट बघा. साहेब गेल्यावर 'त्या शॉपचं काम चांगलं आहे हो' असं म्हणणारे हेच लोक असतात. आणि बदली झालेल्या साहेबांचा नंबर? तो तर वहीत ठळक करा. ते आता नव्या प्लांटमध्ये आहेत आणि तिथे त्यांचा एकही व्हेंडर नाही.

नेटवर्किंगच्या ग्रुपबद्दल तुम्ही विचारता, तर थोडक्यात. बीएनआय, आपल्या मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब, पुण्यात १९३४ पासून असलेलं मराठा चेंबर, दलित उद्योजकांसाठी २००५ मध्ये सुरू झालेलं डिक्की, हे सगळं आहे. फी भरण्याआधी एकदा पाहुणे म्हणून जाऊन बसा आणि खोलीत तुमचं गिऱ्हाईक किंवा तुमच्या गिऱ्हाइकाला ओळखणारा कोणी आहे का ते मोजा. विमा एजंट आणि वेबसाइटवालेच जास्त असतील तर जॉबवर्कवाल्याला तिथे वर्षभर नाश्त्याशिवाय फार काही मिळणार नाही. फोटोग्राफर, इंटेरियरवाले, केटरर यांना मात्र अशा ठिकाणी बरंच काम मिळताना मी पाहिलंय.

आणि वहीत एक रकाना आणखी ओढा, 'मी यांच्यासाठी काय केलं'. पहिले काही महिने तो रिकामाच राहील. पण तुमच्या शॉपला न जमणारं काम आलं की 'नाही होणार' म्हणून फोन ठेवू नका, ज्याला जमतं त्याचा नंबर द्या आणि त्यालाही कळवा की मी तुमचं नाव दिलंय. याला पैसे लागत नाहीत.

जाता जाता सोलापूरहून आलेला एक प्रश्न. "सर, माझे जुने साहेब रिटायर झाले. आता त्यांच्या ओळखीचा काय उपयोग?" भाऊ, तुमच्याकडे सगळ्यात चांगला माणूस आहे. त्यांना आता कंपनीच्या नियमांची अडचण नाही आणि हाताशी वेळ आहे. रविवारी सकाळी फोन करून घरी जा. काम मागू नका. आपलं कोटेशन त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "साहेब, तुम्ही परचेसच्या खुर्चीत असता तर यात काय खटकलं असतं?" पेन्सिल बरोबर न्या, ते खुणा करतील. कोटेशनचा कोरा नमुना व्हिडिओच्या खाली जोडलाय. तो भरा, दोन प्रती काढा आणि मग जा.